हेलिकल अँटेना: आधी परीघ मोजा, मग वेढे घाला

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी हॅम रेडिओचे (हौशी रेडिओचे) सॅटेलाइट ऐकायला घरी केलेल्या हेलिकल अँटेन्याचा, म्हणजे स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या तारेच्या अँटेन्याचा, फोटो पाठवतं. गच्ची, पीव्हीसीचा पाइप, पाइपवर तांब्याची तार अशी सुबक गुंडाळलेली की बघत राहावं, तीस-पस्तीस वेढे, आणि खाली मेसेज, "सर एसडब्ल्यूआर १.२ येतोय पण सॅटेलाइट हँडीच्या रबर डकवरच जास्त बरा ऐकू येतो, असं का?" (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळतो त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम. हँडी म्हणजे हातातला रेडिओ, रबर डक म्हणजे त्याचा आखूड रबरी अँटेना.) फोटो मोठा करून बघितला की उत्तर तिथंच असतं, पाइप दीड इंची. ४३६ मेगाहर्ट्झला दीड इंची पाइपवर तीस सोडा, तीनशे वेढे घातले तरी तो पुढं बीम टाकणार नाही, कारण पुढं बीम टाकण्याचा जो मोड (चालण्याची पद्धत) असतो, त्यात तो चालतच नाहीये.

मी काही वेगळे दिवे लावले नव्हते. कागदावर व्यास २२ सेंटिमीटर लिहिला आणि गुंडाळायला बसलो तेव्हा २२ हा परीघ समजून सात सेंटिमीटरच्या पाइपवर गुंडाळला. तो अजून माळ्यावर पडलाय, घरचे त्याला स्प्रिंग म्हणतात.

तर खाली ४३६ मेगाहर्ट्झचा सात वेढ्यांचा ॲक्झियल मोड (अक्षाच्या दिशेनं पुढं बीम टाकणारा) हेलिक्स, सुरुवातीपासून. क्रम बदलू नका, निम्म्या चुका क्रम बदलल्यानेच होतात.

## १. टेप घ्या आणि मोड ठरवा

हेलिक्सचा मोड वेढ्यांच्या संख्येवर ठरत नाही, एका वेढ्याचा परीघ वेव्हलेंग्थच्या (तरंगलांबीच्या) किती पट आहे यावर ठरतो. ४३६ ला वेव्हलेंग्थ ६८८ मिमी.

परीघ वेव्हलेंग्थच्या मानाने अगदीच छोटा असेल आणि कॉइलची एकूण लांबीही छोटी असेल तर तो नॉर्मल मोड. इथं 'नॉर्मल' म्हणजे नेहमीचा असं नाही, भूमितीतला नॉर्मल, अक्षाला काटकोनात. म्हणजे सिग्नल बाजूंना जातो आणि कॉइलच्या टोकाच्या दिशेला जवळपास काहीच जात नाही. हँडीचा रबर डक हेच करतो. १४५ मेगाहर्ट्झला वेव्हलेंग्थ दोन मीटरच्या वर, आतल्या कॉइलचा परीघ जेमतेम अडीच सेंटिमीटर. ती कॉइल फक्त लांब व्हिप (सरळ काडीचा अँटेना) आखूड करण्यासाठी आहे, गेनसाठी, म्हणजे एका दिशेला सिग्नल वाढवण्यासाठी नाही, आणि म्हणून रबर डक सॅटेलाइटकडे भाल्यासारखा रोखला की सिग्नल गायब होतो, आडवा धरला की येतो.

परीघ वेव्हलेंग्थच्या ०.७५ ते १.३३ पट असेल, वेढ्यांचा चढ १२ ते १४ अंश असेल आणि निदान तीन वेढे असतील तर ॲक्झियल मोड. एक वेढा साधारण एक वेव्हलेंग्थ असल्यामुळे अर्ध्या वेढ्यावर करंट उलटा होतो, पण तिथं तारही उलट्या दिशेला वळलेली असते, त्यामुळे समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकमेकींना खाण्याऐवजी मदत करतात आणि सगळं अक्षाच्या दिशेनं पुढं जातं. हा करंटचा नमुना गोल फिरत राहतो म्हणून पोलरायझेशन (लहरीच्या कंपनाची दिशा) सर्क्युलर, म्हणजे गोल फिरणारं.

परीघ १.३३ च्या पुढं गेला की बीम फुटायला लागतो, मधे खड्डा आणि भोवती पाकळ्या. आणि रबर डक ते ०.७५ या मधल्या पट्ट्यात तेलही गेलं तूपही गेलं. दीड इंची पाइप बाहेरून ४८ मिमी, परीघ १५० मिमी, म्हणजे ०.२२ पट. माझी माळ्यावरची स्प्रिंग ०.३२.

तपासणी: तुमचा जुना हेलिक्स असेल तर आत्ता उठून त्याच्या एका वेढ्याभोवती शिंप्याचा टेप लावा. ५१ ते ९१ सेंटिमीटरच्या बाहेर आकडा आला तर मॅचिंगमध्ये, म्हणजे अँटेना केबलशी जुळवण्यात, वेळ घालवू नका.

आणि एक, हाच हेलिक्स १४५ ला पण चालेल का हे विचारू नका. २२ सेंटिमीटर व्यास १४५ ला ०.३३ पट होतो. वर-खाली चालण्याची त्याची मर्यादा ढोबळ ३२७ ते ५८० मेगाहर्ट्झ, आपला ४३४ ते ४३८ चा भारतीय बँड त्यात आरामात बसतो.

## २. आकडे कागदावर, भिंतीला चिकटवा

- व्यास २१९ मिमी, तारेच्या मध्यापासून समोरच्या तारेच्या मध्यापर्यंत
- परीघ ६८८ मिमी
- चढ १३ अंश, म्हणजे दोन वेढ्यांमधलं अंतर १५९ मिमी
- एका वेढ्याला लागणारी तार ७०६ मिमी
- सात वेढ्यांची लांबी १११३ मिमी, तार जवळपास पाच मीटर, साडेपाच घ्या

७०६ आणि ६८८ मध्ये गोंधळ करू नका, तार तिरकी चढत असल्यामुळे ती परिघापेक्षा थोडी जास्त लागते.

सातच वेढे का? वेढे दुप्पट केले की कागदावर ३ डीबी (डेसिबल, ३ म्हणजे दुप्पट) वाढतात, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि अँटेना सव्वादोन मीटरचा होऊन वाऱ्यात डोलायला लागतो. पुस्तकातलं, हेलिक्सचा शोध लावणाऱ्या जॉन क्राउसचं मूळ सूत्र सात वेढ्यांना जवळपास १४ डीबी देतं, ते फार उदार आहे, ११-१२ मिळाले तर पार्टी द्या. बीम साधारण ४१ अंश रुंद येतो. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, म्हणजे चार मुठींचा बीम, हाताने फिरवायला हा पुरेसा सैल आहे, रोटेटरची (अँटेना फिरवणाऱ्या मोटरची) गरज नाही.

## ३. सामान

तारेसाठी सगळ्यात सोपं म्हणजे एसीवाल्याकडचा पाव इंची कॉपर पाइप. नाशिकमध्ये एसी-फ्रीज रिपेअरवाला गाठा, तो फुटावर कापून देतो, पाच मीटरचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास. नाहीतर अर्थिंगची ८ गेजची तांब्याची तार, तीपण चालते, फक्त तीच गेज जीआयमध्येही (जस्त चढवलेल्या लोखंडात) मिळते आणि दुकानदार स्वस्त आहे म्हणून तीच पुढं करतो, ती घेऊ नका. ॲल्युमिनियमची तार विजेच्या दृष्टीने ठीक आहे पण फीडला, म्हणजे केबल जोडायच्या टोकाला, सोल्डर बसत नाही.

रिफ्लेक्टरला (हेलिक्सच्या मागे सिग्नल पुढं परतवणाऱ्या भागाला) ६० बाय ६० सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, दीड मिमी. सातपूर-अंबडकडे शीट मेटलचं काम करणारा ओळखीचा असेल तर भंगारातला तुकडा कापून मिळतो. गच्चीवर वारा जास्त असेल तर चौकटीवर अर्धा इंची वेल्ड मेश ताणा. कोंबड्यांची जाळी नको, तिच्या नुसत्या पीळ दिलेल्या तारा गंजल्या की एकमेकींना टेकल्या न टेकल्या होतात.

बूमला, म्हणजे वेढ्यांच्या मधल्या दांड्याला, सव्वा मीटरचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप. धातूचा बूम मधोमध असेल तर फारसा त्रास देत नाही, लोक उगाच घाबरतात. वेढ्यांना धरणाऱ्या काड्या मात्र धातूच्या नकोत, पांढरा अर्धा इंची पीव्हीसी किंवा फायबरची काडी, दर अर्ध्या वेढ्याला एक, म्हणजे चौदा आणि टोकाला एक. बाकी एन कनेक्टर, पितळी किंवा तांब्याची ३० मिमी रुंद पट्टी, स्टीलचे स्क्रू. एसओ-२३९ कनेक्टर या फ्रिक्वेन्सीला टाळा, पाण्यालाही तो फितूर असतो.

## ४. रिफ्लेक्टर

पत्र्याचा मध्य काढा, कर्ण मारले की मिळतो. मध्यात बूमचा ब्रॅकेट. कनेक्टरचं भोक मध्यापासून ११० मिमीवर. मध्यात नाही. कनेक्टर मध्यात बसवला की तिथून वेढ्यापर्यंत एक आडवी तार येते आणि पुढं मॅचिंगचे आकडे या लेखाशी जुळत नाहीत.

कनेक्टर बसतो तिथं पत्रा पॉलिश पेपरने घासून चमकवा. रंग किंवा ॲनोडायझिंग असलेला पत्रा दिसायला छान, पण त्यातून करंट जात नाही.

तपासणी: मल्टिमीटर लावा, कनेक्टरचं अंग आणि पत्र्याचा दूरचा कोपरा, बीप यायलाच हवा. नाही आला तर पुढं जाऊ नका.

## ५. गुंडाळणं

आधी पाइप जमिनीवर सरळ करा. फीडच्या टोकापासून दर ७०६ मिमीला परमनंट मार्करने खूण, सात खुणा. ही पाच मिनिटं वाचवणारे पुढं रविवार घालवतात.

फॉर्मर (ज्यावर गुंडाळायचं तो साचा) म्हणून २०० मिमीचा ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप घ्या, कुठल्याही बांधकामावर तुकडा मिळतो. २१९ चा का नाही? कारण तांबं सोडलं की थोडं उघडतं. २०० अधिक पाइपची स्वतःची जाडी ६, आणि वर स्प्रिंगबॅक, असं करत तुम्ही २१५-२२० च्या आसपास येता, उरलेलं हाताने. घरातला गोल स्टीलचा डबा पण चालतो, पण आधी विचारा. माझ्याकडून पिठाच्या डब्याला पोचा पडला, तो विषय अजून निघतो. बादली नको, ती निमुळती असते.

वेढे आधी चिकटून घाला, सगळे झाल्यावर फॉर्मरवरून काढून स्प्रिंगसारखे ओढा.

दिशा: उजवा सर्क्युलर हवा असेल तर वेढे साध्या स्क्रूसारखे. हातात एक स्क्रू घ्या, हेलिक्सच्या शेजारी धरा, दोघांचे आटे एकाच बाजूला कललेले दिसले पाहिजेत, संपलं. यावर एकदा आमच्या गच्चीवर दोघंजण अर्धा तास भांडले, एक मागून बघत होता एक पुढून, "मागून उजवा पण पुढून डावा". असं काही नसतं. स्क्रू कुठूनही बघा, उजवा तो उजवाच, हेलिक्स उलटा करून लावला तरी दिशा बदलत नाही. चुकली तर पुन्हा गुंडाळावाच लागतो.

छोट्या सॅटेलाइटचे अँटेने बहुतेक साधे लिनिअर (कंपन एकाच सरळ रेषेत) असतात, तिथं उजवा-डावा दोन्ही चालतात, ३ डीबी तोटा मात्र दोन्हीकडे. समोरचाही सर्क्युलर असेल आणि तुमची दिशा उलटी असेल तर सिग्नल पार आडवा होतो. आणि हेलिक्स डिशसमोर फीड म्हणून लावणार असाल तर दिशा उलटी गुंडाळा, परावर्तन झालं की ती पलटते. क्यूओ-१०० या हॅम सॅटेलाइटचा २४०० मेगाहर्ट्झचा अपलिंक (जमिनीवरून वर जाणारा सिग्नल) उजवा आहे, म्हणून त्याच्या डिशचा फीड डावा. नवीन माणूस हमखास इथं फसतो.

## ६. काड्यांवर चढवणं

बूमवर दर ७९.५ मिमीला भोक, आळीपाळीने एकदा वर एकदा खाली जाणाऱ्या काड्यांसाठी. काडीची लांबी अशी की तारेचा मध्य बूमच्या मध्यापासून ११० मिमीवर येईल. टोकाला खाच करा, तार खाचेत बसवा, पक्कं बांधायची घाई नको, आधी सगळं सैल.

आता त्या खुणा कामाला येतात. व्यास आणि अंतर दोन्ही बरोबर असतील तर सातही खुणा बूमला समांतर एका सरळ रेषेत येतात. रिफ्लेक्टरच्या बाजूने एक डोळा मिटून बघा. खुणा हळूहळू एका बाजूला सरकत चालल्या असतील तर वेढा मोठा किंवा छोटा झालाय, मागे जाऊन हाताने दाबा किंवा उघडा. माझ्या दुसऱ्या हेलिक्सला सातवी खूण चार बोटं सरकली होती, प्रत्येक वेढ्यात व्यास फक्त दोन-चार मिमीने फुगला होता.

पुढचं टोक मोकळं सोडा. ते बूमला किंवा कशालाच जोडायचं नाही.

## ७. फीड आणि मॅचिंग

ॲक्झियल मोडचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १४० ओहमच्या आसपास, आपली केबल ५०. सरळ जोडला तर एसडब्ल्यूआर २.८. भयंकर नाही, पण मॅच करणं सोपं आहे म्हणून करा.

पहिल्या पाव वेढ्यावर, म्हणजे कनेक्टरपासून साधारण १७५ मिमीपर्यंत, ३० मिमी रुंद पट्टी तारेच्या खालच्या अंगाला सोल्डर करा, पट्टीचा सपाट भाग पत्र्याकडे. हा पाव वेढा इतरांसारखा चढवायचा नाही, पत्र्याला जवळपास समांतर ठेवायचा, मधलं अंतर १२ ते १४ मिमी. पट्टीची रुंदी अंतराच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त असली की तो साधारण ८४ ओहमचा तुकडा होतो, आणि ५० व १४० च्या मधे पाव वेव्हचा तेवढाच तुकडा लागतो. पाव वेढा संपला की तार नेहमीच्या चढाला लागते.

कनेक्टरच्या पिनपासून पट्टीपर्यंतची तार आखूड. एक सेंटिमीटरची "थोडीशी" तार या फ्रिक्वेन्सीला थोडीशी नसते.

सोल्डरिंगला २५ वॅटचं छोटं सोल्डरिंग आयर्न नको, पाइप सगळी उष्णता ओढून घेतो आणि कोल्ड जॉइंट होतो. शंभर वॅटचं घ्या किंवा एसीवाल्याकडूनच टॉर्चने करून घ्या, कनेक्टर मात्र आधी काढून ठेवा नाहीतर आतलं इन्सुलेशन वितळेल.

पट्टीचा कंटाळा असेल तर ७५ ओहमच्या केबलचा पाव वेव्हचा तुकडा मधे घाला. आरजी-५९ साध्या घट्ट पॉलिथिनची असेल तर ११३ मिमी, टीव्हीची फोमवाली आरजी-६ असेल तर १४३ च्या आसपास. एसडब्ल्यूआर १.२५ पर्यंत येतो, तेवढा बस.

## ८. नॅनोव्हीएनए

नॅनोव्हीएनए म्हणजे एसडब्ल्यूआरचा ग्राफ दाखवणारं छोटं मीटर. ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ रेंज लावा, मग कॅलिब्रेशन, तेही ज्या केबलने अँटेना जोडणार त्या केबलच्या टोकाला. रेंज बदलली की कॅलिब्रेशन परत. अँटेना आकाशाकडे तोंड करून मोकळ्यात ठेवा, पाण्याच्या टाकीच्या स्टँडपासून लांब.

पट्टी पत्र्याकडे किंचित दाबा, किंचित उचला, एसडब्ल्यूआर १.५ च्या आत आला की हात काढा. १.१ च्या मागे लागू नका.

थांबा, इथंच लोक फसतात. एसडब्ल्यूआर चांगला म्हणजे मोड बरोबर असं अजिबात नाही. डमी लोडचा (अँटेन्याच्या जागी लावायच्या नुसत्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर पण १ असतो. आकड्यापेक्षा ग्राफचा आकार बघा. ॲक्झियल मोडचा ग्राफ परातीसारखा पसरट, ४३६ च्या दोन्ही बाजूंना वीसेक मेगाहर्ट्झ तरी आरामात. ग्राफ विहिरीसारखा अरुंद आणि खोल, दोन-तीन मेगाहर्ट्झचाच असेल तर तुम्ही एक महागडा रबर डक ट्यून केलाय, परत पायरी १.

## ९. गच्चीवरची परीक्षा

मोडचा खरा निकाल इथं लागतो. एका मित्राला २० मीटर लांब उभं करा, लायसन असलेला, हँडी लो पॉवरवर, साध्या व्हिपसकट. तुमच्याकडे हेलिक्सला एसडीआर डाँगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर), कारण हँडीच्या मीटरच्या पट्ट्यांवर डीबी कळत नाहीत. सिग्नल ओव्हरलोड होत असेल तर डाँगलचा गेन हाताने कमी करा, ऑटो गेन बंद.

पहिलं, हेलिक्स मित्राकडे रोखा, आकडा लिहा. मग हळूहळू बाजूला फिरवा. वीसेक अंशांवर ३ डीबी पडले पाहिजेत, काटकोनात भरपूर. उलट झालं, म्हणजे रोखल्यावर कमी आणि आडवा केल्यावर जास्त, तर नॉर्मल मोड.

दुसरं, परत रोखा आणि मित्राला सांगा की हँडी उभी, तिरकी, आडवी असं घड्याळाच्या काट्यासारखं फिरव, अँटेन्याचं टोक तुमच्याकडे न करता. आकडा एक-दोन डीबीने हलला तर सर्क्युलर उत्तम. उभ्याला भरभरून आणि आडव्याला गायब असेल तर वेढे बघा, बहुतेक ओढताना अंतर कमी-जास्त झालंय.

गच्चीचा स्लॅब, पत्र्याची शेड, शेजारची बिल्डिंग सगळं सिग्नल उडवतं, त्यामुळे जागा बदलून दोनदा करा. आम्ही हे एकदा गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळ्यावर जाऊन केलं, आकडे लगेच शहाण्यासारखे वागायला लागले.

## १०. केबल आणि पहिला पास

आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला दहा मीटरमध्ये तीन-साडेतीन डीबी खाते, म्हणजे निम्मा सिग्नल शॅकपर्यंत (रेडिओच्या खोलीपर्यंत) पोचतच नाही. एलएमआर-४०० जातीची केबल एका डीबीच्या आसपास. किंवा केबल दोन मीटरचीच ठेवा आणि तुम्हीच गच्चीवर बसा.

ऐकायला एसओ-५० हा हॅम सॅटेलाइट घ्या, डाउनलिंक (वरून खाली येणारा सिग्नल) ४३६.७९५. डॉप्लरमुळे (सॅटेलाइटच्या वेगाने फ्रिक्वेन्सी सरकते त्यामुळे) पास, म्हणजे सॅटेलाइटची आपल्या आकाशातली एक फेरी, सुरू होताना ४३६.८०५ वर ऐका, डोक्यावर ७९५, उतरताना ७८५. आयएसएसचा (अंतराळ स्थानकाचा) रिपीटर चालू असेल तर ४३७.८०० वर तेच गणित. ज्यांची गच्ची त्र्यंबक रोडकडे आहे त्यांनी पश्चिमेला डोंगरांच्या मागं जाणारे कमी उंचीचे पास धरू नयेत, ३० अंशांच्या वरचा पास निवडा. बोलायचं असेल तर लायसन हवंच, आणि १४५ वर बोलताना ४३६ ऐकू येणं बंद झालं तर हेलिक्सला शिव्या देऊ नका, १४५.८५० ची तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) ४३७.५५० वर पडते आणि रिसीव्हर बधिर होतो. दोन अँटेने लांब ठेवा, अपलिंकची पॉवर कमी करा.

## ११. बाहेर कायमचा लावणार असाल तर

कॉपर पाइपची दोन्ही टोकं चेपून सोल्डरने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साचतं आणि बरोबर फीडच्या बाजूला उतरतं. कनेक्टरवर आधी सेल्फ अमाल्गमेटिंग टेप, वर साधी, आणि खाली केबलचा एक लोंबता वळसा जिथून पाणी ठिबकेल. सिलिकॉन लावत असाल तर व्हिनेगरचा वास येणारं नको, तांबं हिरवं होतं.

कबुतरं बसतात, त्यांचं वजन काही नाही पण काड्यांच्या खाचा सैल होतात, दोन महिन्यांनी एकदा त्या खुणा परत रेषेत आहेत का बघा. आणि संक्रांतीच्या आठवड्यात अँटेना सरळ उतरवून आत ठेवा. माझ्या सात वेढ्यांत एका वर्षी मांजा असा अडकला होता की खालच्या पोरांनी पतंग ओढता ओढता तिसरा आणि चौथा वेढा एकमेकांना टेकवून दिले, आणि मी दोन दिवस रेडिओ उघडून बसलो होतो.